घाटगेबाईंची हलगी

“विशाखा, तू ये पुढे. तुला हलगी येणारच की! तुमच्या रक्तातच आहे ती.”

घाटगेबाई हे म्हणाल्या, आणि मी हातातली लेझीम तिथंच टाकून पुढं पळाले. सातवीच्या सगळ्या मुलींमधून बाईंनी मला बोलावलं होतं. दुसऱ्या कुणी बोलावलं असतं तर मी इतकी पळाले नसते, पण बाईंची गोष्ट वेगळी होती. त्या नऊवारी-पाचवारीच्या भानगडीत न पडता साडीचा काष्टा मारून मैदानात उतरायच्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट असायचे, आणि गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोरीला बांधलेली शिट्टी. आम्हा मुलींना त्या ‘चला गड्यांनो’ म्हणायच्या. हिवरवाडीत मुलींना गडी म्हणणारं तोवर कुणी आलेलं नव्हतं.

आमच्या शाळेचे शिपाई गुंडूमामा लेझमीला हलगी वाजवायचे. ते दिवाळीत रिटायर होऊन लेकीकडं राहायला गेले आणि हलगी ऑफिसातल्या खिळ्याला लटकत राहिली. त्या वर्षी केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या लेझीम स्पर्धा आमच्याच मैदानावर व्हायच्या होत्या. वाजवणारा बाहेरून आणायचा नाही, शाळेतलाच पाहिजे, असा नियम होता. म्हणून बाई वाजवणारा शोधत होत्या.

मी हलगी गळ्यात अडकवली. कशी धरायची ते ठाऊक नव्हतं. उजव्या हातात जाड टिपरू असतं आणि डाव्या हातात बारीक काडी, हेसुद्धा बाईंनीच सांगितलं. मी दोनचार वेळा बडवलं. पोरं फिदीफिदी हसली, मागून कुणीतरी दवंडी दिल्यासारखं ओरडलं. मीही हसले. बाई म्हणाल्या, “असू दे, येईल. घरी वडलांना विचार, ते दाखवतील.”

मी उड्या मारत घरी गेले. आबा जेवत होते. आबा म्हणजे माझे वडील, निवृत्ती चंदनशिवे. ते बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्त्यावर डांबर टाकायचं, खड्डे भरायचे, हे त्यांचं काम. खाकी कपड्याला डांबराचा वास यायचा आणि तो वास आला की मला घर भरल्यासारखं वाटायचं.

“आबा, मी स्पर्धेत हलगी वाजवणार! बाई म्हणल्या, तुला येणारच, तुमच्या रक्तातच हाय.”

आबांचा घास तोंडाशी थांबला.

“कवा म्हणल्या?”

“आज. पीटीच्या तासाला.”

“समद्या पोरांम्होरं?”

“व्हय की.”

आबांनी घास ताटात ठेवला आणि अर्ध्या भाकरीवरच हात धुतला. आई चुलीपुढून बघत राहिली. माझं काय चुकलं ते मला कळेना.

“उद्यापास्नं त्या शाळंत जायाचं न्हाई,” आबा म्हणाले. “इचलकरंजीला जा आत्याकडं. शाळा तितंबी हाय.”

मी रडायला लागले. आई सहसा आबांच्या शब्दाला शब्द लावायची नाही, पण त्या दिवशी तिनं लावला. “तितं शाळा हाय, पन जानार कोन? वन्संच्या दोनी पोरी चौथीतनंच मागावरच्या सुताच्या कांड्या भराय बसल्या. ही बी कारखान्यात कांड्याच भरंल.”

“भरंल. पन हलगी न्हाई वाजवनार.”

त्यांनी माझे कपडे एका पिशवीत भरले आणि पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली. आत्याला निरोप गेला. ती महिनाअखेरीला न्यायला येणार होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही, म्हणून संध्याकाळी बाई स्वतः घरी आल्या. आमच्या वस्तीत त्या पहिल्यांदाच येत होत्या असं नाही, पण बूट काढून आत येऊन बसल्या त्या पहिल्यांदा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्या खाली आबा बसले होते.

“विशाखा आज आली नाही,” बाई म्हणाल्या. “ताप वगैरे आहे का?”

“ताप न्हाई.”

“मग?”

आबांनी बाईंकडं सरळ बघितलं. मग म्हणाले, “बाई, एक इचारू? तुमच्या रक्तात काय हाय?”

बाईंचा हात शिट्टीवर गेला. त्यांचा चेहरा बघता बघता लाल झाला. त्या हुशार होत्या, त्यांना एका प्रश्नात सगळं समजलं. मला मात्र अजूनही काही समजलेलं नव्हतं. मी दोघांकडं आळीपाळीनं बघत होते.

“आमच्यात सांगतात,” बाई सावकाश म्हणाल्या, “की आमच्या रक्तात घोडा आहे आणि तलवार आहे. माझे वडील कराडला टपालखात्यात होते. घोड्याचं सोडा, सायकलवर बसतानासुद्धा त्यांना मागून कुणीतरी धरावं लागायचं.”

आईनं पदर तोंडाला लावला. आबा हसले नाहीत.

“आन मला हलगी येत न्हाई,” ते म्हणाले. “येकदाबी गळ्यात घातली न्हाई. माझा बाप वाजवायचा. गावकीचं काम हुतं, हो-न्हाई म्हनायची सोय न्हवती. माझी धाकटी भन घरात मरून पडल्याली, आन पाटलाच्या घरात वरात निघाल्याली. बोलावनं आलं. बाप गेला. रातभर वाजवून सकाळी आला, मग पोरीला मातीत घातली. आन तितनं येताना हलगी हिरीत टाकली.” ते थांबले. “ती बुडंना, बाई. तरंगतच ऱ्हायली. मग बापानं वर काढून तिला धोंडा बांधला आन परत टाकली. म्या काठावर हुबा हुतो. त्या दिसापास्नं आमच्या घरात हलगीचं नाव न्हाई. आन तुमी म्हनता रक्तात हाय.”

मला आबांच्या बहिणीची ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती. उड्या मारत घरी आले होते त्याची मला लाज वाटली, आणि बाईंचा रागही आला. तो राग नीट टिकला मात्र नाही, कारण बाई रडत होत्या.

“मी चुकले, निवृत्तीराव.”

आबांना गावात कुणी राव म्हणत नसे. निवऱ्या म्हणायचे, फार तर निवरती. पण आबा त्या रावानं पाघळले नाहीत.

“चुकलासा ते शाळंत. समद्यांम्होरं. हितं माझ्या चुलीम्होरं येऊन चुकले म्हनला, त्याचा काय उपेग?”

“मग मी काय करू? तुम्ही सांगा.”

“हलगी तुमी वाजवा,” आबा म्हणाले. “तुमच्या गळ्यात घाला, आख्ख्या गावाम्होरं. आन लेझमीला सगळ्यांत म्होरं माझी पोरगी. आसं झालं तर हिची शाळा हीच. न्हाईतर ती पिशवी खिळ्याला तयार हाय.”

आबांना वाटलं होतं, बाई उठून जातील. घाटग्यांच्या घरातली बाई आणि गळ्यात हलगी! एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली हिवरवाडीत ही गोष्ट कुणी स्वप्नातसुद्धा आणली नसती.

बाईंनी डोळे पुसले. “बरं,” म्हणाल्या. बाहेर जाऊन बुटांच्या नाड्या बांधल्या आणि तिथूनच मला हाक मारली. “विशाखा, उद्या येताना तुझी लेझीम घासून आण. गंजलीय.”

“आदी वाजवा तर,” आबा म्हणाले.

“वाजवणार म्हटलंय ना? मग तोवर तिचा अभ्यास का बुडवायचा?”

मी शाळेत जायला लागले. पिशवी खिळ्यालाच राहिली. रोज सकाळी त्याच पिशवीतून परकर-पोलका काढायचा आणि धुऊन वाळवून पुन्हा त्याच पिशवीत ठेवायचा, असं चाललं होतं.

शाळेत ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. आमचे हेडमास्तर शेटे सर मऊ स्वभावाचे होते, त्यांना कुणाचंच मन मोडवत नसे. त्यांनी बाईंना व्हरांड्यात गाठलं. “बाई, यंदा लेझीम राहू दे. छान समूहगीत घेऊ. पेटी मी वाजवतो.”

“स्पर्धा लेझमीची आहे, सर.”

“पण लोक काय म्हणतील?”

“ते वाजवून झाल्यावर कळेलच.”

मग सरपंच बापूसाहेब आले. बुलेट थेट मैदानात घातली, आमच्या दोन ओळींच्या मधोमध उभी केली. “ताई,” ते म्हणाले, “तुमी घाटग्यांच्या सूनबाई. मोठ्या घरातल्या. हलगी गळ्यात घालून मैदानात हुब्या ऱ्हाणार? आमच्या घरातल्या बायकांनी काय बघायचं?”

“लेझीम बघा म्हणावं,” बाई म्हणाल्या. “फार चांगली बसलीय.”

आम्ही खाली माना घालून हसलो. बापूसाहेबांना हसू आलं नाही. “बदली हुईल तुमची.”

“होऊ दे. जिथं होईल तिथंही लेझीम असेलच. बापूसाहेब, गाडी जरा बाजूला घ्या. मुलींना वळायला जागा पाहिजे.”

वाजवायचं ठरलं, पण येत होतं कुठं? ओढ्यापलीकडं माळवस्तीवर सिदूअण्णा राहायचे. कुस्त्यांच्या मैदानात त्यांची हलगी लागली की पैलवानांच्या अंगात वारं शिरायचं. अण्णा कुणाच्या बोलावण्याला बांधलेले नव्हते, बिदागी ठरवून फेटा बांधून जायचे. बाई मला घेऊन रविवारी त्यांच्याकडं गेल्या आणि शिकवा म्हणाल्या. अण्णांनी बाईंकडं बघितलं, त्यांच्या बुटांकडं बघितलं, शिट्टीकडं बघितलं.

“कुनाला? या पोरीला?”

“मला.”

“आरं तिच्या!” अण्णा म्हणाले, आणि आत जाऊन हलगी घेऊन आले.

अण्णांच्या दारात सदानकदा जाळ असायचा. थंडीचे दिवस होते, आम्हाला तो बरा वाटायचा. अण्णा गप्पा मारता मारता हलगी जाळाशी धरून बसायचे, मग बाईंच्या हातात द्यायचे. थोडं वाजवून झालं की परत घ्यायचे आणि पुन्हा जाळाशी. तेवढ्या वेळात बाई आपले हात शेकून घ्यायच्या.

बाईंना ताल येत नव्हता हे सांगायला पाहिजे. पीटीच्या शिक्षिका असल्यामुळं त्या तोंडानं एक-दोन-तीन-चार म्हणायच्या आणि त्या आकड्यांवर टिपरू आपटायच्या. अण्णा कपाळाला हात लावायचे. “बाई, ही कवायत न्हवं!” तिसऱ्या रविवारी त्यांनी बाईंना उठवलं आणि अंगणातून चालायला लावलं. “चाला. तुमची चाल झ्याक हाय, गडीमानसाला बी न्हाई आशी. आता पाय पडंल तसा हात पडू द्या. आकडं मोजू नका.”

बाई चालायला लागल्या. काष्टा, बूट, गळ्यात हलगी. अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला, पुन्हा मागं. आणि कधीतरी चालता चालता हात पायाला जाऊन मिळाला. अण्णा तोंडातली तंबाखू थुंकून म्हणाले, “आली!” मी टाळ्या वाजवल्या. परत येताना ओढ्यातून चालतानासुद्धा बाई मांडीवर बोटं वाजवत होत्या आणि मी त्यांच्यामागून पाण्यात पाय आपटत येत होते.

शाळेत मधल्या सुट्टीत बाई मागच्या फरशीवर, ऐन उन्हात, शाळेची हलगी घेऊन सराव करायच्या. टणटणीत आवाज यायचा. पोरं खिडक्यांतून बघायची. आधी हसायची, मग हसायची बंद झाली, मग डबा खाता खाता बोटं वाजवायला लागली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी धुकं पडलं होतं. मैदानातलं गवत दवानं भिजलं होतं आणि चुन्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या. अख्खं गाव लोटलं होतं. बापूसाहेबांची कडब्यानं भरलेली बैलगाडी मैदानाच्या कडेलाच सोडलेली होती, तिच्यावर पोरं चढून बसली होती. सिदूअण्णा कुस्त्यांच्या मैदानाला लांब कुठंतरी गेले होते. आबा कामावर जायच्या कपड्यांतच आले होते. मैदानात न येता कुंपणाच्या बाहेर बाभळीखाली उभे होते. सकाळी घरातून निघताना मी खिळ्यावरच्या पिशवीकडं बघायचं टाळलं होतं.

शाळेची हलगी रात्रभर ऑफिसच्या व्हरांड्यात राहिली होती. बाईंनी ती गळ्यात घातली. बायका पदर दातात धरून बघत होत्या. आमच्या दोन ओळी उभ्या राहिल्या, सगळ्यांत पुढं मी. परीक्षकांनी हात वर केला. बाईंनी टिपरू उचललं आणि मारलं.

थप.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. बाईंनी पुन्हा मारलं. थप, थप. त्या चुकत नव्हत्या. हात बरोबर पडत होता, पण हलगी बोलतच नव्हती. गाडीवरची पोरं खिदळली. मग मोठी माणसंही हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, “बाई, शिट्टीच वाजवा!” आणि मैदानभर हशा उठला.

बाई जोरानं मारत होत्या. थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी हलगी उलटीपालटी करून बघितली, फुटलीय की काय म्हणून बोट फिरवलं. शेटे सर खुर्चीवरून अर्धवट उठले आणि परत बसले. परीक्षक म्हणाले, “बाई, वेळ मोजायला सुरुवात झालीय.”

इचलकरंजीतल्या कांड्या मी कधी बघितल्या नव्हत्या, पण त्या क्षणी दिसल्या. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मैदानातल्या प्रत्येक माणसाला काय झालंय ते ठाऊक होतं. त्यांच्या जत्रा, त्यांचे बैलपोळे, त्यांच्या वराती, सगळ्या हलगीवरच झालेल्या होत्या. आणि एकजणही सांगत नव्हता. त्यांना ते पाहिजेच होतं.

आबा कुंपणावरून उडी मारून आत आले.

ते गेटकडं वळले नाहीत. खाकी कपड्यात सरळ मैदान कापत, चुन्याच्या रेघा तुडवत, ते बापूसाहेबांच्या गाडीपाशी गेले आणि कडब्याची एक पेंढी उपसून काढली. “ए निवऱ्या!” बापूसाहेब ओरडले. आबांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. पेंढी बाईंच्या पुढ्यात टाकली, मोडली, खिशातून काडेपेटी काढली. डांबराच्या भट्ट्या पेटवणारा माणूस, एका काडीत जाळ केला.

“बाई, हलगी सर्दावलीया. दवानं कातडं ढिलं पडलंया. शेकायला लागती.”

“शेकायची?” बाई म्हणाल्या.

“सिदूअण्णा जाळ करीत न्हवता?”

“करायचे. मला वाटलं, थंडी आहे म्हणून...” बाई म्हणता म्हणता थांबल्या आणि त्यांना हसू फुटलं. “मी हात शेकत होते हो!”

मैदान पुन्हा हसलं. मला मात्र रडू येत होतं आणि हसूही येत होतं. बाईंनी हलगी गळ्यातून काढली आणि, दर रविवारी अण्णांना द्यायच्या त्या सवयीनं, आबांच्या पुढं धरली.

हसणं थांबलं. सगळं गाव आबांच्या हाताकडं बघत होतं. चंदनशिव्यांच्या घरातलं कुणीतरी गावापुढं हलगी हातात घेतंय, हे बघायला ती माणसं कितीतरी वर्षं थांबली होती. आबांनी दोन्ही हात मागं नेऊन पाठीशी धरले.

“जाळ मी केला,” ते म्हणाले. “हात लावनार न्हाई. तुमी शेका.”

बाईंनी मान हलवली. त्या बुटांवर उकिडव्या बसल्या आणि हलगी जाळावर धरली.

“जरा लांब. कातडं जळंल. आता फिरवा. फिरवत ऱ्हावा. आता बोट मारा.”

बाईंनी बोट मारलं. टण्ण झालं. कडेला बसलेली बैलं मान वर करून बघायला लागली.

बाई उठल्या, पण लगेच वाजवलं नाही. त्यांनी हलगी गळ्यात घातली आणि वर्गात बोलायच्या त्याच आवाजात बोलल्या. मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा आवाज होता तो, माइक लागत नसे. “मी या विशाखाला शाळेत सगळ्यांसमोर म्हणाले होते, हलगी तुमच्या रक्तात आहे. ते चूक होतं. मुलांनो, ते विसरून जा. हलगी कुणाच्या रक्तात नसते. ती शिकावी लागते. मी शिकतेय. अजून नीट येत नाही. ऐका.”

आणि त्यांनी वाजवलं. चालत वाजवलं, सिदूअण्णांच्या अंगणात चालायच्या तशीच लांब ढांग टाकत. मी त्यांच्या पायांकडं बघत लेझीम उचलली आणि माझ्यामागं सगळ्या ओळी उठल्या. मधे एकदा बाईंचा हात घसरला. दोनदा त्यांनी लय इतकी वाढवली की मागच्या मुलींची दमछाक झाली. पण कुणी थांबलं नाही. शेवटी आम्ही बसून उठायचा डाव केला तेव्हा कडेच्या बायकांमधून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळ्याच वाजवायला लागल्या. त्यांत बापूसाहेबांच्या घरातल्या पण होत्या.

आमचा नंबर आला नाही. जाळ करण्यात वेळ गेला म्हणून गुण कापले. नंबर आला नाही याचं वाईट वाटून घ्यायला आमच्यापैकी कुणालाच सवड झाली नाही, कारण बाईंनी स्वतः भेळ आणली होती.

घरी आले तेव्हा आबा कामावरून परतायचे होते. आई चुलीपुढं होती आणि पिशवी खिळ्यालाच होती. मी तिला हात लावला नाही. आबा आले, हातपाय धुतले, पिशवी काढली आणि माझे कपडे एकेक करून फळीवर ठेवले. रिकामी पिशवी झटकून आईला दिली. “बाजारला हुईल,” म्हणाले. आत्या आली तेव्हा तिला पाहुणचार करून परत पाठवलं.

त्या वर्षी मे महिन्यात बाईंची बदली झाली. बापूसाहेबांनी केली की आपोआप झाली, ते कुणी विचारलं नाही. आम्ही एसटीपर्यंत गेलो. बाईंनी खिडकीतून शिट्टी वाजवली आणि आम्ही सगळ्यांनी कवायतीसारखे पाय आपटले. त्या दिवशी मी ठरवलं की आपण शिक्षिका व्हायचं. झाले. कुणाच्याही रक्तात काही असल्याचं माझ्या वर्गात चालत नाही, एवढी एक शिस्त मी फार कडक पाळते.

माझी बदली कराडजवळ झाली तेव्हा बाई निवृत्त होऊन तिथंच राहत होत्या. आबा सत्तरीला आले होते. मी म्हटलं, “चला, बाईंना भेटून येऊ.” आबांनी कोरे कपडे घातले.

बाई थकल्या होत्या, पायात बूट मात्र तसेच पांढरे होते. चहा झाला. मग त्यांनी आत जाऊन हलगी आणली. शाळेची नव्हे, स्वतःची. जिथं जिथं बदली झाली तिथं त्या वाजवत राहिल्या होत्या. “निवृत्तीराव, आता तरी बरी वाजते का बघा,” म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. गॅस पेटवला आणि हलगी त्याच्यावर फिरवायला लागल्या. सुनेनं बिचारीनं दुधाचं पातेलं उचलून बाजूला केलं. आबा दारात उभं राहून बघत होते. “जरा लांब,” ते म्हणाले.

बाईंनी वाजवलं. वय झालं होतं, हातातला जोर कमी झाला होता, पण ताल आता कुठंच अडखळत नव्हता. आबा डोळे मिटून ऐकत होते.

मग आबांनी हात पुढं केला. “बघू,” म्हणाले.

कुणी मागितलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. माझा चहाचा कप हातात तसाच राहिला. आबांनी हलगी घेतली, जरा वेळ नुसती मांडीवर धरली, कातड्यावरून तळवा फिरवला. मग टिपरू उचलून मारलं. अगदीच वेडंवाकडं वाजलं. त्यांना खरोखरच येत नव्हतं.

“तसं नाही,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. “काडी अशी धरा. बोटं सैल सोडा. आकडे मोजू नका.”

आबांनी काडी तशी धरली. खालमानेनं, शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या पोरासारखं, बाई सांगतील तसं वाजवत राहिले. ऊन उतरलं, आमची एसटी केव्हाच निघून गेली. शेवटी मी म्हटलं, “आबा, जायचं ना?”

आबांनी हलगी जपून बाईंच्या हातात दिली. चपला घातल्या, दारात थांबले.

“बाई,” ते म्हणाले, “पुन्हा शिकायला कवा येऊ?”